एका सकाळपुरती कडी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कडी आहे. चार स्क्रूंवर माझा सगळा संसार. मुलींच्या एका बालगृहात बाथरूमच्या दाराला आतून मला बसवलं होतं, तेही मुद्दाम खाली, सगळ्यात धाकटीचाही हात पोचावा म्हणून. मला सरकवलं की आतली मुलगी निर्धास्त होई. माझं काम तेवढंच होतं, पण मला त्याचा फार अभिमान होता.

मग पाण्यानं दार फुगलं आणि एक लहानगी आत अडकली. रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. खरं तर दाराला रंधा मारायला हवा होता. पण चूक दाराची आणि शिक्षा मला! अधीक्षकबाईंनी मला उपटून ऑफिसच्या खणात टाकलं, वाळलेल्या शाईच्या पॅडशेजारी.

तेव्हापासून मुली जोडीनं जाऊ लागल्या. एक आत, दुसरी दाराला पाठ लावून बाहेर. एकदा बाहेरची मुलगी जरा बाजूला गेली आणि नळ दुरुस्त करणारा माणूस न विचारता आत शिरला. आत होती अकरा वर्षांची वकीलबाई. खोटं बोलत नाही आणि दुसऱ्याचं चालू देत नाही, म्हणून मुलींनीच हे नाव ठेवलेलं. 'दाराला कडी लावा' अशी चिठ्ठी तिनं लिहून दिली. ती चिठ्ठी खणात माझ्याच अंगावर येऊन पडली.

पुढे तपासणीचं पत्र आलं आणि ऑफिसात तालमी सुरू झाल्या. कुणी काय विचारलं तर काय सांगायचं, याचे कागद वाटले. सगळ्या बायका 'मुलांची सुरक्षितता हे आमचं पहिलं कर्तव्य' हे वाक्य घोकत होत्या. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे मला त्या खणात पडल्या पडल्या समजलं. एका तालमीत अधीक्षकबाई तपासनीस झाल्या आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना त्यांनी मुलगी केलं. बाथरूममध्ये सुरक्षित वाटतं का, असं विचारल्यावर मावशी कागद विसरल्या.

"दाराला कडी नाही, बाई," त्या म्हणाल्या. "मैत्रीण बाहेर उभी राहते. ती आजारी पडली की मी अंघोळच करत नाही."

हे वकीलबाईनं त्यांना सांगितलेलं होतं. मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. अधीक्षकबाई एवढंच म्हणाल्या, "मावशी, कागदावरचं बोला." पण खरी वकीलबाई कागदावरचं बोलणार नाही, हे त्याही ओळखून होत्या.

म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळीच सुतार आला. मला घासूनपुसून पुन्हा दाराला बसवलं. दाराला रंधा मात्र मारला नाही. वकीलबाईनं मला तीनदा लावून पाहिलं आणि मग एकटीनं, सावकाश अंघोळ केली. आत ती चक्क गुणगुणत होती. मित्रांनो, त्या सकाळी मी फार सुखात होते.

तपासनीस बाईंनी तिला बाथरूमच्या दारापाशीच बाजूला घेऊन विचारलं. कडी आहे का? "आहे." नीट लागते? "लागते. आजच लावून बघितली." बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली आणि त्या पुढे गेल्या. 'आजच' का, हे त्यांनी विचारलं नाही.

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणे. दुसऱ्या दिवशी सुतार परत आला. कालच तर बसवली, असं तो पुटपुटला. कुणी अडकलं तर निस्तरायचं कुणी, असं विचारून अधीक्षकबाईंनी मला काढायला लावलं. वकीलबाई खांद्यावर टॉवेल घेऊन तिथेच उभी होती. तिनं माझ्या जागी राहिलेल्या चार भोकांवरून बोट फिरवलं.

"मग मी काल खोटं बोलले ना?" तिनं विचारलं.

मावशींनी मान खाली घातली. मी सुताराच्या मुठीत होते. कधी खोटं न बोललेल्या मुलीला मी खोटं पाडलं, याची मला फार शरम वाटते.

आता मी पुन्हा खणात आहे, तिच्या चिठ्ठीवर. अहवालात 'बाथरूम सुरक्षित' असं लिहून आलं आणि अधीक्षकबाईंची वाहवा झाली. मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी अशा घराची तपासणी करायला गेलात, तर माझं एवढं ऐका. मुलीला कडी आहे का, एवढंच विचारून जाऊ नका. काल होती का, तेही विचारा. आणि उद्या न सांगता परत या.