सात कार्डं, एक हात

पुण्याच्या कॅम्पचं पत्र महानंदाला मंगळवारी मिळालं आणि बुधवारी ती रजा मागायला बिडी कारखान्याच्या ब्रँचवर गेली. चोवीस दिवसांचा कॅम्प होता. त्यातून महाराष्ट्राची बायकांची फुटबॉल टीम निवडायची होती आणि अख्ख्या सोलापुरातून बोलावणं आलं होतं ते तिला एकटीला. साल सत्त्याहत्तर. महानंदा तेवीस वर्षांची, सोलापूरच्या टीमची कप्तान, मागं बचावाला खेळणारी.

मॅनेजर आबासाहेबांनी अर्ज उघडलासुद्धा नाही.

"रजा कारखान्यात बसून काम करणाऱ्याला असती. तू घरी वळतीस. घरात बसलेल्या बाईला रजा कसली?"

"मग चोवीस दिवस मी बिड्या आणल्या न्हाईत तर?"

"बारा दिवस खाडा झाला की कार्ड बंद. नियम हाय."

म्हणजे रजेपुरती ती कामगार नव्हती आणि खाड्यापुरती होती. हा नियम ज्यानं कागदावर उतरवला त्याच्या मांडीवर तंबाखूचं सूप जन्मात कधी आलं नसणार.  महानंदानं अर्जाची घडी केली, ब्लाउजात खोचली आणि ती चालू लागली.

कार्ड गेलं म्हणजे काय गेलं, हे सोलापुरात सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. कार्ड असलं तर कारखाना पानं, तंबाखू, सूत देतो, रोज हजार बिड्या घेतो, फंड कापतो, बाई म्हातारी झाली की तो फंड परत मिळतो. कार्ड नसलं तर बाई सरकारदरबारी बिडीवालीच नाही. महानंदाचं कार्ड आधी तिच्या आईचं, रंभाबाईचं होतं. तीस वर्षं वळून रंभाबाईचे डोळे गेले. जवळचं दिसेना, पानाला कात्री लावली की बोट कापायचं. मग ते कार्ड लेकीच्या नावावर करायला तीन वर्षं चकरा घातल्या. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी मैदानावर तिनं हे सगळं सांगितलं. टीम बांधली होती हिंदुराव मास्तरांनी. पलटणीत फुटबॉल खेळलेला गडी, पेन्शनवर आल्यावर गप्प बसवेना. त्यांनी आधी कॉलेजच्या पोरी बघितल्या. त्यांच्या आया म्हणाल्या, अर्धी चड्डी घालून आमची पोरगी पळणार न्हाय. मग बिडीवाल्या पोरी आल्या. चारला ब्रँचवर बिड्या दिल्या की पाचला मोकळ्या. अकरातल्या सात जणी एकाच ब्रँचच्या, एकाच गल्लीतल्या.

"आमी सहा जणी हाय की," गोलवर उभी राहणारी रुद्राणी म्हणाली. "हजाराला सहानं भागलं तर किती येतंय? आपापल्या वळून झाल्या की तुज्या थोड्या थोड्या वळू. तुजी आई नेऊन दील."

"आणि तिप्पण्णा?" नागूनं विचारलं.

सगळ्यांनी महानंदाकडे बघितलं.

तिप्पण्णा म्हणजे ब्रँचचा चेकर. वीस वर्षं तो बिड्याच बघत आला होता. बंडल हातात घेतलं की वळणारीचं नाव सांगायचा. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणाचं पान आखूड, कुणाचं तोंड ढिलं, कुणाची गाठ वर. गेल्या साली नागूला ताप आला तेव्हा तिच्या भावजयीनं वळून दिल्या होत्या. तिप्पण्णानं बंडल फळीवर आपटलं. "कार्ड नागूचं, हात दुसरीचा! मला आंधळा समजता व्हय गं?" आठ दिवस नागूला पान मिळालं नव्हतं.

महानंदानं बुटाची नाडी आवळली. मग म्हणाली, "माजा हात शिकाल?"

"म्हंजे?"

"उद्यापास्नं बॉल बंद. रुद्राणीच्या अंगणात बसायचं."

कॅम्पला नऊ दिवस होते. नऊ दिवस सहा जणी अंगणात ओळीनं बसल्या आणि महानंदा त्यांच्या पाठीमागून फिरली. तिची सवय अशी की पान मापाच्या पत्र्यापेक्षा करंगळीच्या नखाएवढं रुंद कापायचं. तंबाखू शेंड्याकडे कमी. तोंड दोन दाबांत बंद करायचं, तिसरा नाही. सुताचे तीन वेढे आणि गाठ खाली. मैदानावर ती तिघी बचाववाल्यांना जशी हाकारायची तशीच इथं हाकारत होती.

"मीने, तिसऱ्यांदा दाबलंस. उसव."

"अगं एक तर हाय!"

"एकीनंच रेष मोडती. उसव म्हणतीया न्हवं?"

मैदानावर तिचं सगळं काम त्या रेषेवर होतं. ती ओरडली की तिघी एकदम दोन पावलं पुढं यायच्या आणि समोरची फॉरवर्ड त्यांच्या मागं एकटी सापडून ऑफसाइड व्हायची. कोल्हापूरच्या पोरींना तिनं एका मॅचमध्ये अकरा वेळा असं पकडलं होतं. मॅच शून्य-शून्य सुटली. दुसऱ्या दिवशी पेपरात लिहिलं, 'सामना नीरस झाला.' लिहिणाऱ्याला गोल तेवढा दिसतो. गोल का झाला नाही ते बघायला डोकं लागतं.

तिसऱ्या दिवशी मैदान रिकामं बघून हिंदुराव मास्तर अंगणात आले.

"काय चाललंय काय? कॅम्प तोंडावर आलाय आणि कप्तान बिड्या वळायला शिकवतीय?"

रुद्राणीनं त्यांच्यापुढं सूप सरकवलं. "मास्तर, ह्यातली महानंदाची कुठली, सांगा."

मास्तरांनी एकेक बिडी उलटीसुलटी केली. शेवटी सातच्या सात पेटवून बघितल्या. "मला काय कळत न्हाय बाबा," ते खोकत म्हणाले. "सगळ्या सारख्याच छातीत बसत्यात."

आठव्या दिवशी महानंदालाच आपली बिडी ओळखू येईना. नवव्या दिवशी संध्याकाळी ती पुण्याच्या गाडीत बसली.

कॅम्पमध्ये तिनं काय केलं ते थोडक्यात सांगतो. बाकीच्या पोरी बॉलच्या मागं धावायच्या, ही धावायची नाही. पायाकडे न बघता बॉलकडे बघायची आणि बॉल अर्धा हात लांब सुटला की आडवी जाऊन काढून घ्यायची. मुंबईची एक फॉरवर्ड पहिल्या दिवशी तिला "बिडी" म्हणून चिडवत होती. दुसऱ्या आठवड्यात तीच फॉरवर्ड सिलेक्टरना म्हणाली, ही माझ्या समोर नको, माझ्या टीमात द्या. चोविसाव्या दिवशी नावं वाचली. महाराष्ट्राची कप्तान, कुमारी बनसोडे, सोलापूर.

ती घरी आली तेव्हा रंभाबाईनं भाकर वाढली आणि वाढता वाढताच सांगितलं.

"साही पोरींची कार्डं अडकवल्यात."

"का?"

"तिप्पण्णानं पकडलं."

"माज्या बिड्या वळल्या म्हणून?"

"न्हाय गं. त्येच तर. तुज्या बिड्या पास झाल्या. त्यांच्याच न्हाय झाल्या."

झालं होतं असं. पोरींचा हात फिरला होता. नऊ दिवस घोटून घेतलेली वळणी बोटांत अशी बसली की आपल्या कार्डाच्या बिड्यासुद्धा त्या महानंदासारख्याच वळू लागल्या. पहिला आठवडा आठवण ठेवून वळल्या. पण दिवसाला हजार आणि वर दीडशेहून जास्त वळणाऱ्या बाईला प्रत्येक बिडीला आठवण ठेवता येत नाही. तिप्पण्णापुढं एका दिवशी सात कार्डांची सात हजार बिडी आली आणि सगळी एका हाताची. त्यानं सरळ रिपोर्ट दिला: महानंदा सिद्राम ही एकटी सात कार्डांवर बिड्या वळते, बाकी सहा कार्डं बोगस आहेत.

एक बाई रोज सात हजार बिड्या वळते! हे साहेब लोकांनी वाचलं, खाली सही केली आणि सहा कार्डं अडकवली. महानंदाचं ठेवलं. कारण त्यांच्या हिशेबी खरी कामगार ती एकटीच. पेपरात आलेली कुमारी बनसोडे आणि कार्डावर बापाच्या नावानं असलेली महानंदा सिद्राम ही एकच बाई, हे ब्रँचमध्ये कुणाच्या गावी नव्हतं.

"तू गप ऱ्हा," रंभाबाई म्हणाली. "तुजं कार्ड शाबूत हाय. त्या जवान हायत, दुसरीकडं लागतील. मला आता कोण कार्ड देतंय?"

महानंदानं अर्धी भाकर ठेवली आणि रुद्राणीकडे गेली. रुद्राणी अंगणात रिकामी बसली होती. हात रिकामे असले की बिडीवाली बाई म्हातारी दिसते.

"मी उद्या जाऊन सांगते," महानंदा म्हणाली.

"काय सांगशील? मी पुण्यात हुते म्हणून? मग तुजं जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणू नगंस. लई सोपं हाय म्हणायला. तू बोललीस तर तुजं जाईल, न्हाय बोललीस तर आमचं. काय करायचं ते कर, पण माज्याकडनं व्हय म्हणून घ्यायला येऊ नगंस. मी व्हय म्हणणार न्हाय आणि नगंबी म्हणणार न्हाय. घरात माजी दोन भावंडं हायत."

रात्रभर रंभाबाई कूस बदलत होती. लेकीला ऐकू जावं म्हणूनच बदलत होती.

सकाळी दहाला महानंदा सहा जणींना घेऊन ब्रँचवर गेली. आबासाहेबांच्या टेबलावर तिनं कॅम्पचं सर्टिफिकेट ठेवलं. शिक्का, सही, तारीख, सगळं होतं.

"हे काय?"

"मी चोवीस दिवस पुण्यात हुते. एकबी बिडी वळली न्हाय. माज्या कार्डावरची चोवीस हजार बिडी ह्यांनी वळलीय. त्यांची त्यांनीच, आणि माजीबी त्यांनीच."

आबासाहेबांनी तिप्पण्णाकडे बघितलं. तिप्पण्णा ताडकन उठला. "साहेब, शक्य न्हाय. हात हिचाच हाय. वीस वर्षं बिडी बघतोय मी. माझी चूक काढती व्हय ही पोर?"

"सूप मागवा," महानंदा म्हणाली. "हितंच वळू द्या."

ऑफिसच्या फरशीवर सहा जणी बसल्या. पंखा बंद करायला लावला, तंबाखू उडत होती म्हणून. कारकून उठून दारात उभे राहिले. पाच मिनिटं नुसता कात्र्यांचा आवाज. मग प्रत्येकीची एक बिडी टेबलावर आली आणि महानंदानं स्वतःची सातवी वळून त्यांत मिसळली.

"काढा माजी," ती म्हणाली.

तिप्पण्णानं चष्मा पुसला. एकेक बिडी कानाजवळ नेऊन चुरगाळल्यासारखी फिरवली. उजेडाला धरली. गाठीवर नख फिरवलं. एक बाजूला काढली, परत ठेवली, दुसरी काढली.

"ही," तो म्हणाला.

"ती माजी हाय," नागू म्हणाली.

तिप्पण्णा खाली बसला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्या माणसाकडे आयुष्यात तेवढंच एक होतं.

आबासाहेबांनी सर्टिफिकेट परत एकदा वाचलं. "महाराष्ट्राची कप्तान? तू? अरे वा. आपल्या ब्रँचला अभिमान वाटावा अशी गोष्ट हाय ही." मग त्यांनी सहा कार्डं ड्रॉवरमधून काढून पोरींच्या हातात दिली. सीझन होता, माल वर पाठवायचा होता, सहा चांगले हात घालवून त्यांना परवडणार नव्हतं. सातवं कार्ड पुढं ओढलं. "स्वतःचं कार्ड दुसरीला वापरायला दिलंस. हे मात्र मला सोडता येत न्हाय." त्यावर तांबड्या शाईनं आडवी रेघ मारली आणि पेन ठेवून तोच हात शुभेच्छा म्हणून हस्तांदोलनाला पुढं केला.

महानंदानं हात दिला नाही. टेबलावरचं सर्टिफिकेट तेवढं उचललं.

नॅशनलला महाराष्ट्र सेमीफायनलला हरला. चार मॅचेसमध्ये दोनच गोल खाल्ले, त्यातला एक पेनल्टीचा. पुढं ती अजून दोन वर्षं राज्याकडून खेळली. तेवढ्या काळात सोलापुरात तिचे तीन सत्कार झाले आणि कार्ड एकानंही दिलं नाही. एका आमदारानं "बघतो" म्हटलं. तो अजून बघतोय.

रंभाबाई महिनाभर लेकीशी बोलली नाही. मग एक दिवस आपणच तिला म्हणाली, "जा, रुद्राणीकडं बस जा. घरात बसून काय करतीस?"

महानंदा तेव्हापासून रुद्राणीच्या अंगणात बसते. रुद्राणीच्या कार्डावरची निम्मी बिडी ती वळते, निम्मा पगार घेते. फंड रुद्राणीच्या नावावर जमतो. त्याबद्दल दोघी बोलत नाहीत. एकदा बोलायला गेल्या आणि भांडण झालं.

पहिल्या दिवशी रुद्राणी बिड्या घेऊन गेली तेव्हा तिप्पण्णानं बंडल हातात घेतलं आणि थांबला.

"ती बसतीया तुज्या घरी. मला ठाऊक हाय."

"बसतीया की. मैतरीण हाय माजी."

"ह्यात तिच्या बिड्या हायत."

"मग तेवढ्या काढा बाजूला," रुद्राणी म्हणाली. "मी थांबते."

मागं बायकांची रांग लागली होती. तिप्पण्णानं बंडल सोडलं, बिड्या फळीवर पसरल्या, दोन-चार उचलून बघितल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ चेकर, उरका की, चुलीवर भात ठेवून आलेय." त्यानं बिड्या गोळा केल्या, बंडल पुन्हा बांधलं, वहीत रुद्राणीच्या नावापुढं हजार लिहिले आणि पुढचीला हाक मारली.