लंकाबाईचे लुगडे

मित्रांनो, पाथर्डीकडच्या एका घरातल्या गोधडीत विटक्या हिरव्या रंगाचा तुकडा दिसतो ना, तो मी. एके काळी मी अख्खे नऊवारी लुगडे होते.

नगरच्या तोफखाना भागात एका साळ्याच्या हातमागावर माझा जन्म झाला. गहिनीनाथाने मला बाजारातून बायकोसाठी, लंकाबाईसाठी, आणले. थोरल्या मुलीच्या बारशाला ती मला नेसली, तेव्हा सासू बनुबाई म्हणाली, "लई खुलून दिसती गं माझी सून!"

वर्षे गेली, मी विरले. लंकाबाईने माझा पदर जपून ठेवला आणि बाकीचे फाडून पाळीसाठी घड्या केल्या. लाजू नका. जुन्या लुगड्याला घरोघरी हे काम असते.

बाहत्तरच्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडू लागली. तेव्हा पाळी संपून दहा-बारा दिवस झाले तरी माझ्या घड्या पुन्हा निघू लागल्या. थोडेसेच डाग असत. तिने ते कोणालाही सांगितले नाही. मला ती दुसऱ्या कपड्याखाली वाळत घाली.

कामावर मजुरांना सुकडीचा खाऊ वाटताना नर्स कलाबाई येत. लंकाबाईचा पांढराफटक चेहरा पाहून त्यांनी तिला बाजूला नेले आणि खोदून विचारले.

"उष्णता हाय बाई, दुसरं काय न्हाई," ती म्हणाली.

"दोन पाळ्यांच्या मधे डाग जायला कारणं पुष्कळ असतात," कलाबाई म्हणाल्या. "मूल लांबवायला आत लूप बसवलेली असते, सूज असते, पिशवीच्या तोंडाशी मांसाचा साधा कोंब येतो, नाहीतर दिवस राहून बिघडतं. पुष्कळदा औषधानं बरं होतं. क्वचित वाईट आजारही निघतो. तपासल्याशिवाय कसं कळणार? सोमवारी दवाखान्यात ये."

ती हो म्हणाली. तो सोमवार गेला, मग कितीतरी सोमवार गेले. कामावर खाडा नको होता तिला. शेवटी एके दिवशी ती खडीच्या ढिगाऱ्यावरच कोसळली. गहिनीनाथाने तिला एस्टीने नगरला नेले. डॉक्टरांनी गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर सांगितला. तो फार पसरला होता.

खाटेशी बसून बनुबाई म्हणाली, "येवढे दिस मला का गं न्हाई बोललीस?"

"तुमी बाजूला बसवलं असतं, चुलीला शिवू दिलं नसतं, आत्या," लंकाबाई हळूच म्हणाली. "भाकरी कोन थापनार हुतं? पोरी उपाशी ऱ्हायल्या असत्या."

बनुबाईने पदरात तोंड लपवले.

पुढच्या उन्हाळ्यात लंकाबाई गेली. मागे दोन मुली राहिल्या, थोरली नऊ वर्षांची. बनुबाईने माझा उरलेला पदर त्यांच्या गोधडीत शिवला.

वर्षाने वेगळी चूल मांडलेली धाकटी सून छबू सासूच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. बनुबाई तडक ओट्यावर गेली. तिथे चार पुरुष बसले होते. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "गहिनीनाथा, नगरची यष्टी कवा हाय? छबूला मधीच डाग लागत्यात. तिला तपासायचंय."

गहिनीनाथाने मान खाली घातली.

"खाली काय बघतोस? लंकाच्या टायमाला समदी खालीच बघत बसलो!"

छबूचा त्रास लूपमुळे होता. महिन्याभरात ती बरी झाली. ती बरी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले त्या दिवशी बनुबाई लंकाबाईच्या मुलींना जवळ घेऊन खूप रडली.

मित्रांनो, मला सगळे कळत होते, पण कापडाला बोलता येत नाही. तुम्हाला येते. घरातली बाई असे काही सांगू लागली, तर तिला बाजूला बसवू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.