मुठेल वळायची वेळ

"वयनी, हात दाखव बगू," मालन म्हणाली.

मथुरानं उजवा हात पदराखाली घेतला. कोकमाच्या बियांचं तेल चुलीवरून उतरवून फार वेळ झाला नव्हता, आणि ती त्यात बोटं घालून बसली होती.

पावस गावात मुठेल करावं ते मथुरानंच. बिया कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल काढून निवत ठेवायचं, एवढं कुणालाही जमे. पुढचं अवघड. निवता निवता तेल दाटतं. लवकर हात घातला तर बोटांतून गळतं, उशीर झाला तर घट्ट होऊन तडकतं. मधल्या घटकेला मुठीत दाबून गोळे वळायचे. ती घटका मथुराच्या बोटांना कळे. नवरा धाकू मुंबईला बोटीवर खलाशी, धाकटा दीरही त्याच्याच बोटीवर. घरात ती, तिची चार वर्षांची चिमा आणि धाकटी जाऊ मालन.

दुपारी त्या बोटांवर फोड आले. ते दुखत नव्हते, आणि तेच मथुराला खाऊ लागलं. ती अंगणातून परड्यात आणि परड्यातून विहिरीवर फिरत राहिली. गार हंड्याला हात लाव, वैलावरच्या तापलेल्या भांड्याला लाव. डाव्याला सगळं समजे. उजव्याला दोन्ही सारखीच.

दुसऱ्या दिवशी चिमा कुरकुरत होती. मथुरानं तिच्या कपाळाला उजवा हात लावला, अंग गार आहे म्हणाली आणि कामाला लागली. संध्याकाळी मालननं पोरीला उचललं तर अंग भाजत होतं.

चिमाचा ताप उतरला. मथुराची तगमग वाढली. ती पोरीला जवळ घेईना, रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी मालननंच विहिरीवर विषय काढला. रक्तपितीचं, महारोगाचं भय वाटतं ना, असं तिनं सरळ विचारलं.

"घरातून काढतील मला."

"काढणार कोण गो? घरात तू आन मी."

चिमाला शेजारी ठेवून दोघी पहाटे निघाल्या. भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून रत्नागिरीच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी काचेच्या दोन नळ्या घेतल्या, एकीत ऊन पाणी, एकीत गार. मथुराला डोळे मिटायला सांगितलं. डाव्या हाताचं तिनं भराभर सांगितलं. उजव्या हाताला काहीतरी टेकल्यासारखं वाटलं.

ऊन की गार? दोनांतलं एक सांगायचं होतं. बरोबर आलं तर आज सुटका होती. ऊन म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं. मग चिमाचं कपाळ आठवलं.

"कळत नाय, डॉक्टर."

रोग सुरुवातीचा आहे, असं त्यांनी सांगितलं. दर आठवड्याला सुई टोचून घ्यायला यायचं, पोरीला वेगळं निजवायचं, हात विस्तवापासून जपायचा. घरी राहायला हरकत नव्हती.

परतताना मथुरा तरीच्या अगदी टोकाला, माणसांपासून लांब जाऊन बसली. मालन उठून तिच्या शेजारी आली.

"उद्यापासून गोळे तू वळ," मथुरा म्हणाली.

"मला ती वेळ कळत नाय, वयनी."

"हात घाल आन तेल कसं लागतं ते सांग. मी सांगन, कधी वळायचं ते."

मालननं मान डोलावली. तिचा गुडघा मथुराच्या गुडघ्याला टेकला होता. पलीकडे सरकायला हातभर फळी मोकळी होती. मथुरा सरकली नाही.