वणव्याच्या टेकडीवरचा कोंबडा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा कोंबडा आहे. मला आरवता येत नाही, दाणे टिपता येत नाहीत आणि आजवर कोणी माझा रस्साही केलेला नाही. चाकणच्या पश्चिमेला दोन कोसांवर एक गवताळ टेकडी आहे. तिच्या माथ्यावर सागाचा खांब आहे आणि त्या खांबाच्या टोकाला मी गेली आठ वर्षे उभा आहे. वारा जिकडून येतो तिकडे चोच करायची आणि जिकडे जातो तिकडे शेपूट, एवढेच माझे काम. सोपे वाटते ना? हे सोपे काम एकदा मी केले नाही. का केले नाही, ते आज तुम्हाला खरे खरे सांगतो. ऐकून तुम्ही मला नावे ठेवलीत तरी चालेल.

माझा जन्म चाकणच्या ज्योतीराम लोहाराच्या भात्यापुढे झाला. दिघीच्या लष्करी जागेतून तेलाचा एक रिकामा पिंप भंगारात आला होता. त्याच्याच पत्र्यातून मला कापले. जंगल खात्याच्या साहेबांनी कागदावर माझे चित्र काढून दिले होते. पण ज्योतीरामचा कागदावर विश्वास नव्हता. त्याने आपल्या दारातला कोंबडा बखोटीला धरून समोर बसवला आणि त्याच्याकडे बघत बघत मला घडवले. तुरा मात्र चित्रापेक्षा दुप्पट मोठा केला. साहेब हसले, तेव्हा तो म्हणाला, "तुऱ्याबिगर कोंबडा बरा दिसंल का, सायेब?" त्या तुऱ्याचा मला फार ताठा होता.

सन एकावन्नच्या उन्हाळ्यात मला टेकडीवर चढवले. तिथे मुरारी नावाचा रखवालदार होता. तो आणि त्याची बायको सरुबाई माथ्यावरच्या चौकीत राहत. टेकडीच्या पायथ्याला तीस घरांची एक वाडी होती आणि वाडीच्या वरच्या अंगाला गवताच्या बारा गंजी रचलेल्या होत्या. पाऊस लागेपर्यंत वाडीची गुरे त्या गंजींवर जगत. उन्हाळ्यात एक ठिणगी वाळक्या गवतात पडली की वणवा टेकडी चाटूनपुसून नेतो. गंजी जळाल्या तर गुरे जगवायची कशी? म्हणून तर मुरारीचा पहारा होता.

मुरारी सकाळी आणि दुपारी चौफेर नजर फिरवी. भामचंद्राच्या डोंगराकडे धूर आहे का, दिघीच्या माळावर आहे का, चऱ्होलीच्या अंगाला आहे का, ते वहीत लिही. त्यापुढे वाऱ्याचा रकाना होता. तो माझा. अशा पाच टेकड्यांवरच्या वह्या साहेबांकडे जात. साहेब नकाशावर टाचण्या टोचून आग कुठून कुठे सरकते आहे ते ताडत आणि पुढच्या गावांना सावध करत.

मी येण्याआधी मुरारी चिमूटभर माती हवेत उडवून वारा पाही. खळ्यावर धान्य उपणणारी माणसे पाहतात ना, तसा. मी आल्यावर दोन-चार दिवस त्याने माती उडवली, माझ्याकडे पाहिले, पुन्हा माती उडवली. माझे आणि मातीचे उत्तर एकच आले. मग त्याने माती उडवणे सोडून दिले. मित्रांनो, त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा पुन्हा कधी झाला नाही.

वाडीचाही माझ्यावर जीव जडला. टेकडीच्या पूर्वेला ओढ्याकाठी भाताची खाचरे आहेत. रोप टाकण्यापूर्वी तिथे राब भाजतात. म्हणजे शेण, पालापाचोळा आणि फांद्या जमिनीवर पसरून जाळतात. त्याने जमीन भाजून निघते आणि रोप जोमाने येते. पण राब पेटवायचा तो नेहमी वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून. वारा पश्चिमेचा असेल तर पूर्वेच्या बांधाकडून काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत मुंगीच्या पावलाने सरकते. चुकीच्या टोकाने लावली तर ती घोड्यावर बसते. खाचरे खोलगट, झाडीच्या आडोशाला. तिथे वारा अंगाला लागत नाही. म्हणून प्रत्येक जण आधी कपाळावर हात धरून टेकडीवर माझ्याकडे पाही. धर्माजी नावाचा शेतकरी तर काडी ओढण्यापूर्वी मला रामराम घाली. "कोंबड्यानं सांगितलं म्हंजी झालं," असे तो म्हणे.

आणि दर सोमवारी मुरारी शिडी लावून वर चढे आणि माझ्या दांड्यात तेलाचे चार थेंब सोडे. साहेब उन्हाळ्याच्या सुरुवातीला तेलाची एक लहान बाटली देत. ती माझी होती.

चार वर्षे अशी गेली आणि मग ती आली.

ती म्हणजे पांढरी पेटी. चार पायांवर उभी, चारही बाजूंनी झडपा, अंगाला पांढरा तेलरंग आणि दाराला कुलूप. तिच्या पोटात पाऱ्याच्या दोन नळ्या होत्या. एक कोरडी, दुसरीच्या पायाला ओले फडके. दोन्हींतला फरक वाढला की हवा कोरडी झाली असे समजायचे आणि चौकीवर लाल निशाण लावायचे. त्या दिवशी राब भाजायला मनाई.

मला काय वाटले ते आडपडदा न ठेवता सांगतो. माझा जळफळाट झाला. मी उघड्यावर तापत होतो आणि उन्हाचा मान मात्र तिला! स्वतः सावलीत बसायची आणि बाहेर ऊन किती आहे ते सांगायची. तिच्या फडक्यासाठी सरुबाईने आपले मऊसूत जुने लुगडे फाडले. ओढ्यावरून डोक्यावर आणलेल्या पाण्यातला पहिला तांब्या तिचा. आधी वाडीची मुले माझ्याकडे बघून "कोंबडा फिरला, कोंबडा फिरला" म्हणून नाचत. आता ती झडपांना डोळे लावून बसू लागली. मुरारी तिच्यापुढे वाकून उभा राही, डोळे बारीक करी, आकडा पुटपुटे. माझ्याकडे जाता जाता एक नजर टाकली की झाले.

तेही मी सोसले असते. पण पेटीच्या दाराच्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या आणि मुरारीने माझी बाटली उघडली. सोमवारचे तेल तिच्या बिजागऱ्यांत गेले. पुढच्या सोमवारी तो शिडी घेऊन आला, पेटीपाशी थांबला, तिच्यावरची धूळ पुसत राहिला आणि शिडी तशीच परत नेली. मग शिडी येईनाशी झाली. सरुबाई एकदा त्याला म्हणालीही, "अवं, कोंबडा कन्हतुया. त्याला त्याल घाला की."

"घालतो गं. त्यो काय पळून जातोय व्हय?" मुरारी म्हणाला.

खरेच होते. मी पळून जाणार नव्हतो. पण ते वाक्य मला लागले आणि मी ते मनात धरून ठेवले.

सत्तावन्नच्या मे महिन्यातली गोष्ट. आठ दिवस लाल निशाण फडकत होते आणि राब भाजायचे अडले होते. त्या दिवशी उगवतीला ढग जमले, हवा दमट झाली. दुपारी दोन वाजता मुरारीने पेटी उघडली. दोन्ही नळ्यांतला फरक थोडा होता. त्याने निशाण उतरवले. धर्माजी खालून चढून आला होता. मुरारी त्याला म्हणाला, "हवा वली हाय. आज भाज तू राब."

"आन् वारा?"

मुरारीने वर पाहिले. माझी चोच पश्चिमेला होती. त्याने वहीत लिहिले, वारा पश्चिम.

मित्रांनो, वारा पश्चिमेचा नव्हता. वळवाचे ढग आले की वारा उगवतीकडून उठतो. घटकाभरापूर्वीच तो बदलला होता. अगदी मंद होता, अंगावरचा घाम वाळेल न वाळेल एवढाच, म्हणून कामाच्या नादात मुरारीला तो कळला नाही. मला कळला होता. माझ्या शेपटीला तो हळूहळू ढकलत होता. माझ्या दांड्याला गंज चढला होता हे खरे. पण त्याआधीच्या आठवड्यात तेवढ्याच वाऱ्यावर मी कण्हत कुथत फिरलो होतो. त्या दिवशीही फिरलो असतो. मी मनात म्हटले, आता तुमची पेटी आहे ना? तिलाच विचारा वारा कुठला ते. गंजाने मला धरले होते आणि मी गंजाला धरून राहिलो.

धर्माजीने खाली जाऊन मला रामराम घातला आणि पूर्वेच्या बांधाकडून काडी लावली.

थोडा वेळ नुसता धूर निघाला. मग ढगाखालून वाऱ्याचा मोठा झोत आला. आग खाचरातून पश्चिमेला धावली, बांध ओलांडला आणि टेकडीच्या गवताला लागली. धर्माजी ओरडत पुढे पळत होता. मुरारीने चौकीपुढे टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण घालायला सुरुवात केली. माणसे करंजाच्या डहाळ्या घेऊन धावली, बायका ओढ्यातून घागरी भरू लागल्या. धुराचा लोट सरळ माझ्या अंगावरून पश्चिमेला चालला होता आणि मी पश्चिमेकडेच चोच करून उभा होतो. माझे खोटे आता सगळ्यांना दिसत होते. मुरारीने एकदाच वर पाहिले. मग पुन्हा घण घातला.

आग दोन तोंडांनी येत होती. एक तोंड माथ्याकडे आणि एक गंजींकडे. पेटीच्या कुलपाची किल्ली मुरारीच्या करदोट्याला होती. नळ्या काढून न्यायला त्याला वेळ होता. पण मग गंजी गेल्या असत्या. त्याने सरुबाईला ओढ्याकडे पिटाळले, वही बंडीत खुपसली, कोयता घेतला आणि तो गंजींकडे धावला. वाडीच्या माणसांना घेऊन त्याने गंजींपुढच्या गवताचा चार हात रुंद पट्टा कापून काढला. पट्ट्याशी येऊन धुमसणारा आगीचा काठ त्यांनी डहाळ्यांनी झोडून विझवला. त्यांचे पाय भाजले. अकरा गंजी वाचल्या. कडेची एक गेली. ती पुतळाबाईची होती. पुतळाबाई विधवा होती आणि तिच्या दारात एकच म्हैस होती.

वर माथ्यावर माझा सागाचा खांब नुसता काळवंडला, पण पेटीला आगीने घेरले. पांढरा रंग फुगला, झडपा पेटल्या आणि आतल्या नळ्या फट्‌ करून फुटल्या. दोन वर्षे मी याच गोष्टीची वाट पाहिली होती. तिची फजिती व्हावी, ती मोडावी, कोणी तिला उचलून न्यावे. पण तिला जळताना पाहून मला मुळीच बरे वाटले नाही. तिने माझे कधी काही वाईट केले नव्हते. ती दाराआड आपले काम करत होती. त्या दिवशीही तिने हवा दमट आहे हे खरेच सांगितले होते. राहिलेले अर्धे मी सांगायचे होते. तेवढ्यात आगीचा तापलेला झोत आला आणि मी कर्रकन फिरलो. खाली सगळ्या वाडीने तो आवाज ऐकला. माझी चोच अखेर पूर्वेला झाली; आता तिचा कोणाला काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी वही उघडली. धर्माजी मान खाली घालून उभा होता.

"वारा पश्चिम, हे कोणी लिहिले?"

"म्या लिवलं, सायेब."

"मग आग पश्चिमेला गेली कशी?"

"कोंबडा अडला व्हता. त्याल घालायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. धर्माजीला बोलू नगा. भाज म्हनून मीच सांगितलं."

माझे खोटे मुरारीच्या अक्षरात लिहिले गेले होते आणि त्याने ते आपल्या अंगावर घेतले. पुतळाबाई पुढे झाली. ती म्हणाली, "सायेब, माजी म्हस मी भावाकडं चऱ्होलीला धाडीन. पर ह्या मान्साला काढू नगा. त्यो नसता तर समद्यांच्या गंजी गेल्या असत्या." साहेबांनी ऐकून घेतले. पण खात्याची शिस्त कडक होती. मुरारीची नोकरी गेली.

निघायच्या दिवशी त्याने शिडी लावली. चौकीच्या पत्र्याच्या छपराखाली ठेवलेली तेलाची बाटली आगीतून वाचली होती. तिच्या तळाशी होते नव्हते ते सगळे तेल त्याने माझ्या दांड्यात ओतले. "घे रं," तो म्हणाला. "तुज्या वाट्याचं व्हतं." मग सरुबाई आणि तो बोचके घेऊन टेकडी उतरले. पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर त्याला पहारेकऱ्याचे काम मिळाले, असे पुढे कानावर आले.

टेकडीवर आता नवा रखवालदार आहे आणि नवी पेटीही आहे. तिच्याही बिजागऱ्यांना तेल लागते. कधी कधी माझ्या पोटात दुखते, नाही असे नाही. पण वारा आला की मी फिरतो. तेल असो वा नसो, फिरतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही जुने काहीतरी कुरकुरत असेल. विहिरीचा रहाट असेल, दाराची कडी असेल, एखादे म्हातारे माणूस असेल. नव्याचे कौतुक जरूर करा. पण जुन्याच्या वाट्याचे चार थेंब त्याला द्या. आणि तुम्ही स्वतः रुसलात तर खुशाल रुसा, फक्त रुसून हातातले काम सोडू नका.

गेल्या चैत्रात वाडीच्या जत्रेला मुरारी आला होता. केस पांढरे झालेले, भाजलेल्या पायाने थोडा लंगडत तो टेकडी चढला. मी त्याला लांबूनच ओळखले. वारा पश्चिमेचा होता आणि माझी चोच नीट पश्चिमेला होती. मी मुळीच हललो नाही. तो खांबाखाली उभा राहिला, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग तो खाली वाकला, चिमूटभर माती उचलली आणि हवेत उडवली.