किल्लीवर चालणारी जीप

मुखरूच्या जीपला साऱ्या गावाचे हात लागलेले होते. म्हणजे अगदी खरेखुरे हात. वैनगंगेकाठच्या त्या गावातून ब्रह्मपुरीला जाणारी ही जुनी जीप सकाळी कधी आपणहून चालू झाली, असं कुणाच्या आठवणीत नव्हतं. मागे मासोळीच्या टोपल्या लागल्या, आत बाया बसल्या, की मुखरू खिडकीतून मान काढून हाक द्यायचा, "लावा जी हात!" मग बाजाराला निघालेल्या बाया, कॉलेजच्या पोरी, असतील तेवढे सारे उतरायचे आणि तिला ढकलत तळ्याच्या पाळीवर न्यायचे. पाळीच्या उतारावर ती खोकत खोकत एकदाची चालू व्हायची आणि लोक धावत जाऊन आपापली जागा पकडायचे. परगावच्या माणसाला हा तमाशा वाटे. गावाला त्यात काही विशेष वाटत नसे. रात्री कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाची सून रुसली, हे सारं ढकलता ढकलताच कळत असे.

घोळ झाला तो परगावच्याच माणसामुळे. मुखरूच्या लेकीचं, पायलचं लग्न नागभीडच्या बाबुलालच्या मुलाशी ठरलं. साक्षगंध आटोपलं आणि मुखरूने व्याह्याला मोठ्या थाटात जीपने पोचवायला काढलं. जीप अर्थातच हटून बसली. बाबुलाल तसा हौशी माणूस. पांढराशुभ्र सदरा-पायजमा घातलेला, तरी उतरला आणि सगळ्यांच्या बरोबरीने ढकलू लागला. पाळीजवळच्या चिखलात त्याचा पाय असा घसरला, की उठला तेव्हा पांढरं म्हणावं असं अंगावर काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक फोनवर त्याचा एकच सवाल. "व्याही, लग्नाले कोरे कपडे घालून येऊ का जुनेच?"

व्याह्यांची थट्टा चालायचीच. पण मुखरूला ती झोंबली. एकदा तो बोलून गेला, "लग्नाच्या दिवशी जीप किल्लीवर चालू होईन. आन् पायलले मीच आणून सोडीन तुमच्या दारात."

"आन् नाई झाली तं?"

"तं बसवा तिले तुमच्या गाडीत."

बाबुलालने लगेच नागभीडची एक मोटार फुलांसकट सांगून ठेवली. इकडे फोन ठेवून मुखरू जीपपाशी जाऊन बसला. पायल पहिल्यांदा शाळेत गेली ती याच जीपमध्ये, त्याच्या शेजारी बसून. कॉलेजात गेली तीही अशीच. आता ती दुसऱ्याच्या मोटारीत बसून जाईल आणि आपण धूळ बघत उभे राहू, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना.

आजवर त्याने सारा दोष बॅटरीला दिला होता. बॅटऱ्या बदलल्या, त्यांना शिव्या दिल्या, जीप होती तिथेच. एका दुपारी तो बॉनेट उघडं ठेवून, किल्ली फिरवून फिरवून सेल्फ मारत बसला होता. गोकुळा, त्याची बायको, अंगणात मासोळ्या निवडत होती. रबर करपल्याचा वास आला म्हणून ती उठली, बॅटरीच्या वायरला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"हे तं तव्यावानी तापली जी! इतकी काऊन तापते?"

मुखरूला एकदम आठवलं. मूळची वायर तुटली तेव्हा त्याने धानाच्या बांधीतल्या मोटरपंपाच्या वायरचा तुकडा कापून लावला होता, आणि अंगठ्याएवढी जाड आहे म्हणून चार लोकांना कौतुकाने दाखवलाही होता. आता त्याने ती सोलली. रबरच रबर. आत ॲल्युमिनियमची बारीक काडी, तीही टोकाला पांढरी भुकटी होऊन बसलेली. बिचारी बॅटरी इतकी वर्षं त्या काडीतून जोर लावत होती. मुखरूला बॅटरीची माफी मागावीशी वाटली.

ब्रह्मपुरीला झिंगूचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याने वेल्डिंगची केबल कापून दिली. आत केसासारख्या तांब्याच्या तारांचा भरगच्च जुडगा, दोन्ही टोकांना तांब्याची कडी दाबून पक्की बसवलेली. "दोनी बदल भाऊ," झिंगू म्हणाला. "सेल्फची बी आन् चेसिसची बी. करंट गेला तसा त्याले वापस बी यावं लागते."

मुखरू हरखून गेला. इतका, की केबल लावण्याआधी त्याने जीप रंगवायला काढली. लेकीची पाठवणी म्हटल्यावर जीप नवरीसारखी दिसायला नको? आकाशी रंग आणला आणि बाहेरून, आतून, बॉनेटखाली, चेसिसच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे ब्रश पोचला तिथे सगळीकडे दोन-दोन हात मारले. हळदीच्या दिवशी सकाळी केबल बसवल्या. मांडवातली सारी माणसं जमली. मुखरूने देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली.

कट्.

पुन्हा फिरवली. पुन्हा कट्. दिवे मिणमिणले आणि विझले.

मागून कुणीतरी भल्या मनाने विचारलं, "लावू का जी हात?"

"खबरदार!" मुखरू ओरडला. या वाक्यावर तो जन्मात कधी चिडला नव्हता. लोक गुपचूप मांडवात परतले. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. उद्या ती फुलांची मोटार दारात उभी राहणार, हे त्याला स्पष्ट दिसू लागलं.

गोकुळाने बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. तिचे हात लेकीला लावलेल्या हळदीने पिवळे झाले होते. "हे दुसरी वायर कुठी कसली तुमी?"

"चेसिसले."

"चेसिसले का रंगाले?"

मुखरू उतरून आला. तांब्याचं कडं आकाशी रंगावर ऐटीत बसलं होतं. खाली लोखंडाचा पत्ता नव्हता, करंट परतणार कुठून? रंग त्यानेच दिला होता, तोही दोनदा, मोठ्या मायेने. तो पान्हा शोधू लागला, तोवर गोकुळा मासोळीची सुरी घेऊन आली.

"बोल्ट खोला आन् हटा. खवले काढाचं काम माहं आहे."

तिने रंग असा खरवडला, की खालचं लोखंड चकाकू लागलं. मुखरूने कडं बसवून बोल्ट कसला, वरून ग्रीस चोपडलं आणि किल्लीला हात घातला. किल्ली अर्धी फिरते न फिरते तोच जीप धडधडली. मुखरूचा जीव भांड्यात पडला. भरल्या मांडवात त्याने बायकोचे हळदीचे हात धरले आणि तिने लाजून ते सोडवून घेतले.

लग्न झालं. पाठवणीची वेळ आली. एकीकडे फुलांची मोटार, शेजारी बाबुलाल, नव्या पांढऱ्या कपड्यात, हाताची घडी घालून. दुसरीकडे आकाशी जीप. मागच्या बाकावर जावई, पुढे मुखरूच्या शेजारी पायल. आणि मागे सारं गाव. कुणी बोलावलं नव्हतं. सवयीनेच सगळ्यांनी जीपला हात टेकले होते.

मुखरूने किल्ली फिरवली. जीप चालू झाली.

"मानलं, व्याही!" बाबुलाल मोठ्याने म्हणाला.

हेच ऐकण्यासाठी मुखरू झुरत होता. तो ताठ बसला, गिअर टाकला आणि आरशात पाहिलं. माणसं दचकून मागे झाली होती. हात अजून तसेच पुढे, आणि त्या हातांचं काय करायचं ते कुणाला कळत नव्हतं. पायलही मागे वळून बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "सारे मागंच राह्यले जी."

मुखरूने लेकीकडे पाहिलं. मग किल्ली उलटी फिरवली. जीप गप्प झाली.

"काय झालं जी? बंद पडली?" बाबुलाल पुढे आला.

मुखरूने खिडकीतून मान काढली. "बंद पडली, व्याही. लावा जी हात!"

बाबुलालने त्याच्याकडे पाहिलं, पायलच्या तोंडाकडे पाहिलं आणि पायजमा वर खोचला. मोटारवाल्याला हातानेच थांब म्हणून खुणावलं आणि तो गर्दीत घुसला.

जीप हलली. बाया रडत होत्या, ढकलत होत्या, पायलला खिडकीतून बजावत होत्या. पाळ आली. उतार आला. जीप चालू करायला इथे नेहमी क्लच सोडायचा असे, पण मुखरूने पाय उचलला नाही. "व्याही, नागभीडवरी असेच नेता का?" बाबुलाल धापा टाकत ओरडला आणि रडणाऱ्या बायाही हसल्या. पायल हसता हसता डोळे पुसत होती.

शिवेपाशी एकेक हात सुटत गेला. शेवटी आरशात एकच उरला, कोपऱ्यावर टेकलेला, हळदीने पिवळा. मुखरू थांबून राहिला. गोकुळाने जीपच्या आकाशी अंगावर दोनदा थोपटलं आणि हात काढला.

मग त्याने किल्ली फिरवली.