शेवटची काठी

परीक्षा संपल्या की सावळेराम आण्णांच्या अंगणात पोरं जमत. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं, काठाला गुडघाभर निवळ पाणी राहतं आणि रात्री मरळ मासा उथळात येऊन निवांत पडतो. बॅटरीच्या उजेडात तो भाल्यानं टिपायचा. तो भाला कसा करायचा, हे आण्णा दरवर्षी पोरांना शिकवत. शिकवण्याची त्यांना लई हौस. एकच गोष्ट चार वेळा विचारली तरी चिडत नसत.

यंदा सहा पोरं होती आणि भिंतीला सहा काठ्या टेकवलेल्या होत्या. सगळ्या मेसाच्या, म्हणजे भरीव बांबूच्या. कीड लागू नये म्हणून थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडून आण्णांनी सावलीत वाळवल्या होत्या.

"काठी डोळ्यांनी न्हाई, कानानं निवडायची," ते म्हणाले. बोटाच्या पेरानं त्यांनी एक काठी ठोकली. खणखणीत आवाज आला. "असा आला तर घ्या. दबका आला तर आत किडा हाये. मग गुडघ्यावर वाकवून बघा. पेरं जवळजवळ असली की ती मोडत न्हाई. बघितल्याबिगर घ्यायची न्हाई, काय?"

"व्हय आण्णा."

"चला मग, वरच्या आळीपास्नं या."

हा क्रम त्यांच्या वडिलांपासूनचा. वरच्या आळीची पोरं आधी, मग मधली, मग ओढ्याकडची घरं. सुदर्शन पहिला उठला, त्याच्यामागून श्रेया. ओढ्याकडच्या बौद्ध वस्तीतली प्रतीक्षा, पोपटची नात, शेवटी आली. भिंतीला एकच काठी उरली होती.

प्रतीक्षानं ती ठोकली, वाकवली, पुन्हा ठोकली. पोरं हसायला लागली.

"अगं, एकच तर हाये, बघतीस काय?" सुदर्शन म्हणाला.

"आण्णांनी सांगितलंय, बघूनच घ्यायची."

आण्णाही हसले. मग तिनं काठी त्यांच्यासमोर धरली. एका पेराजवळ टाचणीएवढं भोक होतं आणि बोट लावलं की पिवळा भुसा गळत होता.

"आण्णा, किडा हाये."

"चालतंय गं. वरनं दोरी गुंडाळ घट्ट."

तिनं गुंडाळली. मग सगळ्यांनी सायकलच्या जुन्या तारा दगडावर घासून टोकदार केल्या, टोकाजवळ उलटे काटे काढले आणि तीन-तीन तारा काठीला करकचून बांधल्या. प्रतीक्षाची बांधणी सगळ्यांत नीट होती. आण्णांनी ती इतरांना दाखवलीसुद्धा.

दोन दिवसांनी रात्री ते पोरांना घेऊन पाण्यावर गेले. "मासा दिसतो तिथं नसतो, जरा खाली असतो. खाली मारा," त्यांनी पुन्हा बजावलं. "आणि जखमी मासा सोडून यायचं न्हाई. त्याचे हाल व्हतात."

सुदर्शनचे दोन वार गाळात गेले. श्रेयाला एक लहानगी वाम मिळाली. प्रतीक्षा मात्र बराच वेळ नुसती उभी होती. मग तिच्या बॅटरीच्या उजेडात हातभर लांबीची मरळ दिसली. तिनं श्वास रोखला, नेम खाली धरला आणि मारला. वार इतका अचूक होता की आण्णांच्या तोंडून "वा" निघालं. त्याच क्षणी काठी कडकन मोडली. दोरी गुंडाळलेल्या पेरापाशीच. तारा अंगात घेऊन मासा खोल पाण्यात गेला.

प्रतीक्षा कमरेएवढ्या पाण्यात शिरली. आण्णांनी हाका मारून तिला मागं बोलावलं. ती आली, तेव्हा तिच्या हातात अर्धी काठी होती.

"आण्णा, माझं चुकलं," ती म्हणाली. "माझी बांधणी ढिली असंल."

बांधणी ढिली नव्हती. आण्णांना ते ठाऊक होतं. बाकीची पोरं ऐकत होती. तेवढं एक वाक्य बोलायला हवं होतं.

"व्हतं असं कधी कधी," आण्णा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांना झोप लागली नाही. पिवळा भुसा, पोरांचं हसणं, आणि त्यात मिसळलेलं स्वतःचं हसणं पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. बघितल्याबिगर घ्यायची नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. तिनं बघितलं होतं, सांगितलंही होतं.

उजाडताच ते स्वतःचा भाला घेऊन ओढ्याकडं गेले. पोपट दारात दात घासत होता. दोघं एका वयाचे, एका वर्गातले. तरी पोपट त्यांना आण्णा म्हणे आणि ते त्याला पोपट म्हणत.

"आण्णा, सकाळच्या पारी?"

"प्रतीक्षा कुठं हाये?"

"पाण्यावर गेली, अंधारातच. मासा हुडकायला."

"काठी किडकी व्हती, पोपट. मला म्हाईत व्हतं."

पोपटनं चूळ भरून बाजूला टाकली. "म्हाईत हाये. मला बी तुमच्या वडलांनी तसलीच दिली व्हती. सहावीत."

"तू कधी बोलला न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

तेवढ्यात प्रतीक्षा आली. ओली, चिखलानं माखलेली. पिशवीत मेलेली मरळ होती आणि तारा तिनं काढून वेगळ्या धरल्या होत्या. "घावला, आण्णा. काठावर आला व्हता."

आण्णांनी आपला भाला पुढं केला. "हा घे. तुला."

तिनं तो हातात घेतला, सवयीनं ठोकून पाहिला आणि परत दिला. "चांगला हाये. पर ह्यो तुमचा. मला माझी काठी निवडायचीय. पुढल्या वर्षी मला आधी बोलवाल?"

हो म्हणणं सोपं होतं. पुढल्या वर्षी कोण आठवण करून देतंय.

"आजच ये," ते म्हणाले. "दुपारी. तू पण ये, पोपट."

दुपारी माळ्यावरच्या उरलेल्या काठ्या उतरवून आण्णांनी भिंतीला लावल्या. पाचही पोरांना त्यांच्या काठ्या परत आणायला सांगितलं होतं. तारा सोडून त्याही रांगेत उभ्या केल्या.

"प्रतीक्षा, तू पहिली."

"आण्णा, वरच्या आळीपास्नं न्हाई का?" सुदर्शननं विचारलं. त्यात खोडी नव्हती. त्याला खरंच कळलं नव्हतं.

आण्णांचे कान तापले.

"न्हाई. तो क्रम वाईट व्हता. हिची काठी किडकी हाये, हे हिनं मला दाखवलं व्हतं. तरी मी तीच दिली. काल रात्री हिनं माफी मागितली, तवा मी गप बसलो. बांधणी ढिली नव्हती. चूक माझी व्हती."

प्रतीक्षा पुढं आली. पहिली काठी ठोकली. दुसरी ठोकली. घाई अजिबात केली नाही. एकेक करून सगळ्या ठोकल्या, वाकवल्या, पेरं मोजली. कुणी हसलं नाही.

पोपट अंगणाबाहेर रस्त्यावर उभा होता.

"आत ये की," आण्णा म्हणाले.

"दिसतंय हितनं," पोपट म्हणाला, आणि तिथंच उभा राहिला.