कॉटला लावलेली घंटी

ते साल दोन हजार बावीस. लोकांनी तोंडावरचे मास्क काढून दारामागच्या खिळ्याला अडकवले आणि लग्नं, बाजार, जत्रा पुन्हा सुरू झाल्या, ते वर्ष. सगळं सातपूर घराबाहेर पडलं आणि नवसाबाई त्याच वर्षी घरात अडकल्या.

संक्रांतीच्या आठवड्यात त्यांचे यजमान गोटीराम चहा पिता पिता एका अंगावर कलले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं ते पुढच्या खोलीतल्या लोखंडी कॉटवर. हाक मारता येईना, म्हणून मुलगा समाधान यानं बापाच्या जुन्या सायकलची घंटी काढली आणि कॉटच्या दांडीला, चालत्या डाव्या हाताशी, घट्ट पिळून बसवली. त्याच सायकलवर गोटीरामांनी कंपनीतली सगळी नोकरी केली होती.

"बाबा, काही लागलं तर वाजवा," असं म्हणून समाधान अंबडला कामावर निघून गेला. पोरानं चांगल्या मनानं केलं होतं. पण त्या दिवसापासून नवसाबाईंना एक आंघोळ सलग मिळाली नाही.

पाणी हवं, घंटी. पंखा नको, घंटी. चादर ओढ, चादर काढ, खिडकी लाव. कधी कधी नवसाबाई ओल्या हातांनी धावत यायच्या आणि गोटीराम नुसतेच त्यांच्याकडे बघत राहायचे. काहीच नको असायचं. परत स्वयंपाकघरात जाऊन कणकेत हात घातला की पुन्हा घंटी. पुढच्या खोलीच्या खिडकीला गज, गजापलीकडे अरुंद बोळ आणि शेजारची भिंत. सख्ख्या भाचीची हळद त्यांनी मोबाइलवर पाहिली, तीही अर्धी.

सून शुभांगी गुणाची होती, पण तिचं शिलाईचं काम होतं. ती म्हणायची, "आई, तुम्ही पहिल्या घंटीला उठता. मी तिसरीपर्यंत बसते. म्हणून ते मला वाजवतच नाहीत."

होळीच्या आसपासची गोष्ट. दुपारी कपडे बदलताना गोटीरामांनी अंग ताठ केलं, मान फिरवली आणि वर घंटी वाजवली, बायको समोर उभी असताना. नवसाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि दाबलं. दाबतच राहिल्या. सोडलं तेव्हा कातडीवर नखं उमटली होती. नवसाबाई मोरीत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं त्यांच्यावर हात टाकला नव्हता. आज तो पडला होता आणि हात आपला होता. उद्या तो पुन्हा उठला तर, ह्या धास्तीनं त्यांना रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घ्यायला आरोही मॅडम आल्या. पंचविशीची मुलगी. तिनं गोटीरामांचा हात वर घेतला, खुणा पाहिल्या, हात हळूच खाली ठेवला. मग पिशवीतून पट्टा काढून नवसाबाईंचाच बीपी मोजला.

"काकू, हा तर काकांपेक्षा जास्त आहे."

"असेल."

"रोज एका ठरलेल्या वेळी बसायचं. पाठ भिंतीला, डोळे मिटून. श्वास येतोय, जातोय, एवढंच बघायचं. मन पळालं की ओरडायचं नाही, परत आणायचं."

"त्यानं काय होतं?"

"मी सांगणार नाही. महिनाभर रोज बसा, मग तुम्हीच मला सांगा."

नवसाबाई बसल्या. सकाळी समाधान गेला की स्वयंपाकघरात, गॅसच्या ओट्याखाली पाट टाकून. पहिल्या दिवशी दोन श्वास झाले आणि घंटी. दुसऱ्या दिवशी शुभांगी पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "आई, समाधी लागली का? की हार आणू?" नवसाबाईंना हसू आलं, त्यातच घंटी. पण त्या हट्टी होत्या. मखमलाबादच्या मळ्यात वाढलेल्या, दव सुकायच्या आत फुलं तोडलेल्या बाईला रोज ठरलेल्या वेळी एखादी गोष्ट करणं नवीन नव्हतं.

उन्हाळा लागेपर्यंत एक फरक त्यांच्या ध्यानात आला. घंटी वाजली की पूर्वी डोकं तापायचं आणि हात त्याच क्षणी निघायचा. आता घंटी वाजायची, डोकं तापायचं, आणि हात निघण्याआधी मधे थोडी जागा असायची. एका श्वासाएवढी. त्या जागेत त्यांना कळायचं की आपल्याला राग आला आहे. एवढंच. घर तेच, गज तेच, कॉट तीच. पण मनगट पुन्हा दाबलं गेलं नव्हतं.

आणि ही एवढीशी जागाही गोटीराम खाऊ लागले. नवसाबाई पाटावर बसल्या की घंटी सुरू. उठल्या की बंद. मग बसणं मोडायला लागलं. दोन दिवस मोडलं आणि तिसऱ्या दिवशी नवसाबाईंनी वाटी इतकी जोरात आपटली की तिला पोचा आला. मनगटावरची नखं त्यांना आठवली.

मागच्या अंगणात शेजारच्या अमिनाभाभी कपडे वाळत घालत होत्या. तीस वर्षांचा शेजार.

"तुमचं बरं आहे, भाभी," नवसाबाई म्हणाल्या. "तुम्ही नमाजाला उभ्या राहिल्या की घरात कुणी हाक मारत नाही. समोरून जातसुद्धा नाहीत."

"आता नाही मारत. निसार लहान होता तेव्हा पाठीवर चढून बसायचा," अमिनाभाभी म्हणाल्या. "मी त्याच्यासाठी उठले नाही, म्हणून शिकला. तुम्ही उठता, नवसाताई. मग त्यांनी का शिकावं?"

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली आणि नवसाबाई उठल्या नाहीत. शुभांगी माप घ्यायला बाहेर गेली होती. घंटी वाजत राहिली, आधी एकेक, मग सलग. भिंतीपलीकडून कुणीतरी "अहो, बघा जरा" म्हणालं. श्वास आला, गेला. मग घंटी एकदम थांबली, आणि ती शांतता आवाजाहून वाईट होती. नवसाबाई धावल्या.

गोटीराम कॉटच्या कडेवरून अर्धे खाली लोंबकळत होते. डावा हात दांडीला, डोकं स्वयंपाकघराच्या दाराकडे. लुंगी ओली. नवसाबाईंनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं, पुसलं, कोरडं केलं. आपले हात काम करताहेत, दुसरं काही करत नाहीत, हे त्यांना दिसत होतं.

"काय हवं होतं?"

"का... काही नाही."

"मग?"

गोटीरामांना शब्द जुळवायला वेळ लागला. "तू... दिसत नव्हतीस."

नवसाबाई खाली फरशीवरच बसल्या. म्हणाल्या, "अहो, तुमची रात्रपाळी असायची. दिवसा तुम्ही इथंच झोपायचात. मी कधी कुकर लावला? भांड्याखाली फडकं घालून भांडी घासली. कडीला चिंधी गुंडाळली. समाधान आवाज न करता रडायला शिकला होता, माहीत आहे तुम्हाला? तीन वर्षांचं पोर."

हे गोटीरामांना माहीत नव्हतं. ते झोपलेले असायचे.

"तेवढी सगळी नको. सकाळची थोडी शांतता मला परत द्या. नाहीतर माझा हात पुन्हा तुमच्यावर पडेल. मला त्याचीच भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी नवसाबाईंनी पाट स्वयंपाकघरातून आणून कॉटच्या पायथ्याशी टाकला, गोटीरामांना दिसेल असा. डोळे मिटले. शुभांगीनं आत चटणीसाठी मिक्सर लावला आणि गोटीरामांनी "श्श्" केलं. जीभ जड, त्यामुळे थुंकीच जास्त उडाली. तिला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा केलं. मिक्सर बंद झाला. बाहेर भंगारवाला ओरडत आला, तेव्हा खिडकीकडे हात हलवून त्याला पुढे जायला सांगितलं. तो हसून गेला. नवसाबाईंनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. गोटीरामांनी डावा तळहात घंटीवर झाकण ठेवावं तसा ठेवला होता.

म्हणून काही दार उघडलं नाही. पाट उचलला की तीच चादर, तीच मोरी, तीच घंटी. पण रोज सकाळी तेवढा वेळ ते दोघं एकमेकांना राखत बसत, आणि दिवस तेवढ्यावर ढकलला जाई.

गोटीराम आणखी दोन वर्षं जगले आणि एका दिवाळीनंतर झोपेतच गेले. समाधान अजून अंबडलाच आहे, आता सुपरवायझर झाला. तो रागावला तरी आवाज चढवत नाही, ह्याचं लोकांना कौतुक वाटतं. नवसाबाईंना नाही. शुभांगीनं पुढच्या खोलीत, कॉटच्या जागी, दोन शिलाई मशिनी टाकल्या. आरोही मॅडम लग्न करून पुण्याला गेल्या. जाण्याआधी त्यांनी विचारलंच, "काकू, काय झालं बसून?" नवसाबाई म्हणाल्या, "मार चुकला. त्यांचाही, माझाही." अमिनाभाभींचे गुडघे गेले, त्या आता खुर्चीवर बसून नमाज पढतात आणि निसार समोरून जात नाही.

नवसाबाई अजून रोज बसतात. गोटीराम गेल्यानंतरचे काही दिवस मात्र त्यांना बसवेना. घर फार गप्प होतं. शेवटी त्यांनीच आत हाक मारली, "शुभांगी, चटणी वाटायची असेल तर वाट गं. मिक्सर लाव." आणि मिक्सरच्या आवाजात त्यांनी डोळे मिटले.